तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या छोट्या गावाचा मेयर नेमकं करतो काय?

अमेरिकेत आठशे-हजार वस्तीच्या गावालाही मेयर असतो हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे आपल्या सरपंचासारखा की नगराध्यक्षासारखा? आणि त्याला दिवसभर काम तरी काय असतं?

सरपंचाच्या जोडीला ग्रामसेवक असतो, नगराध्यक्षाच्या जोडीला मुख्याधिकारी. दोघेही वरून नेमलेले. अमेरिकेत राज्य सरकार गावाला असा अधिकारी पाठवत नाही. कारभार सांभाळणारी माणसं गावानेच शोधायची, पगारही गावानेच द्यायचा, आणि परवडत नसेल तर त्यांच्याविना भागवायचं. मेयरचं काम समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. हजाराच्या आतल्या गावात बहुधा एक सिटी क्लर्क, म्हणजे गावाची कागदपत्रं सांभाळणारी कर्मचारी, असते, तीही कित्येकदा अर्धवेळ, आणि रस्ते, पाणी, बर्फ, गवत असं सगळं बघणारा एखाद-दुसरा कामगार. पोलीस नसले तर काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेरीफशी, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाशी, तासांच्या हिशोबाने करार करतात. आग विझवायला गावातलेच स्वयंसेवक धावतात. शाळेचं मंडळ वेगळं निवडून येतं, त्यावर मेयरचा काडीचा अधिकार नसतो. तरी शाळेचा कर वाढला की फोन त्यालाच येतो. अगदी टोकाचं उदाहरण नेब्रास्कातल्या मोनोवायचं. 2010च्या जनगणनेत तिथे एकच रहिवासी होती, एल्सी आयलर. मेयर, क्लर्क आणि खजिनदार तीच. स्वतःच्या मद्यालयाचा परवाना ती स्वतःच मंजूर करायची, आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी पैसे मिळावेत म्हणून दरवर्षी राज्याकडे रस्त्यांचा आराखडा धाडायची.

अधिकार किती, हे राज्यागणिक बदलतं. आयोवाचं उदाहरण घेऊ. तिथल्या नेहमीच्या मेयर-कौन्सिल पद्धतीत मेयर सभेचा अध्यक्ष असतो, पण कौन्सिलचा, म्हणजे गावाने निवडलेल्या मंडळाचा, सदस्य नसतो, त्यामुळे सदस्य म्हणून मतही देत नाही. ठराव पटला नाही तर 14 दिवसांत नकाराधिकार वापरता येतो; कौन्सिल दोन-तृतीयांश मतांनी तो मोडून काढू शकतं. सभेची विषयपत्रिका किमान 24 तास आधी लावावी लागते. नवा नियम करायचा तर तो तीन सभांपुढे यावा लागतो. तीन-चतुर्थांश सदस्यांनी मोकळीक दिली तरच ही अट टळते. सभा महिन्यातून एकदा होत असेल, तर कुत्र्याच्या पट्ट्याच्या नियमालाही तीन महिने लागतात. नवा मेयर चुकतो तो इथे: लोकांना तारीख देऊन बसतो. दुसरी चूक त्याहून महाग पडते. पाचजणांच्या कौन्सिलमध्ये तिघे म्हणजे गणसंख्या, सभा भरायला लागणारी किमान हजेरी. तिघे कॉफी प्यायला बसले आणि बोलता बोलता गावाच्या कामाची चर्चा सुरू झाली, की ती सूचना न देता भरवलेली सभा ठरू शकते.

पण माझ्या मते मेयरची खरी परीक्षा जमिनीखाली असते, पाण्याच्या आणि मैल्याच्या नळांत. हजारापर्यंत लोकांना पाणी पुरवणाऱ्या योजनेला साधारणपणे महिन्याला एक जीवाणू तपासणी सक्तीची आहे. शेतीच्या पट्ट्यात नायट्रेटवर डोळा ठेवावा लागतो; मर्यादा नायट्रोजनच्या हिशोबाने लिटरला 10 मिलिग्रॅम. घरांना जाणाऱ्या जोडण्यांमध्ये शिशाच्या किती, याची यादी 16 ऑक्टोबर 2024पर्यंत करायची होती, आणि जुनी कागदपत्रं कुणी जपलेली नसल्याने कित्येक ठिकाणी घरोघर जाऊन नळ बघावे लागले.

मैल्याच्या नळांचं दुखणं वेगळं. जुने भाजलेल्या मातीचे नळ सांध्यांत उघडतात, झाडांची मुळं आत शिरतात. वर तळघरातलं पाणी उपसणारे पंप लोक गुपचूप याच नळाला जोडतात. मोठा पाऊस झाला की शुद्धीकरणाच्या तळ्यात नेहमीच्या कितीतरी पट पाणी येतं, तळघरांत मैला उलटा चढतो, आणि राज्याच्या पर्यावरण खात्याची नोटीस येते. उपाय आहे. मॅनहोलमधून निरुपद्रवी धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं: अंगणातून, पन्हाळीतून, रस्त्याच्या भेगेतून. फुटके नळ दरवेळी खणावे लागत नाहीत, आतून नवं अस्तर घालता येतं. पैसा मात्र लागतो.

तो कुठून आणायचा? दहा हजारांपर्यंतच्या गावांना केंद्राच्या कृषी खात्याकडून पाणी आणि सांडपाण्यासाठी 40 वर्षांपर्यंतचं कर्ज मिळतं, कधी जोडीला अनुदान. समजा 400 जोडण्यांच्या गावाने 3 टक्के व्याजाने 20 लाख डॉलर उचलले. वर्षाचा हप्ता साधारण 86,500 डॉलर, म्हणजे घरामागे महिन्याला 18 डॉलर, आणि वीज, रसायनं, पगार यांचा खर्च वेगळा. दरवर्षी पाणीपट्टी दोन-तीन टक्क्यांनी वाढवत आणलेलं गाव हे पेलतं. पंधरा वर्षं पट्टी वाढवली नाही म्हणून जो मेयर मतं मागतो, त्याने ते बिल पुढच्या मेयरच्या नावावर टाकलेलं असतं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर इलिनॉयमधलं डिक्सन माहीत असायलाच हवं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन लहानाचे मोठे झाले ते हे गाव, वस्ती सोळा हजारांच्या आसपास. मेयर आणि कमिशनर (तिथले निवडून आलेले सदस्य) अर्धवेळ, हिशोब सगळा रीटा क्रंडवेल या एकाच बाईच्या हाती. तिने 1990मध्ये सांडपाण्याच्या राखीव निधीसारख्या नावाने बँकेत खातं काढलं, राज्याच्या नावे खोटी बिलं केली आणि 2012पर्यंत सुमारे 5 कोटी 37 लाख डॉलर वळवले. पैसे का पुरत नाहीत असं विचारलं, की राज्याकडून हप्ते उशिरा येतात हे उत्तर तयार असायचं. 2011मध्ये ती रजेवर असताना क्लर्कने बँकेकडून सगळ्या खात्यांची विवरणं मागवली आणि अनोळखी खातं दिसलं. मेयर जेम्स बर्क थेट एफबीआयकडे गेले आणि अटक होईपर्यंत महिनोन्‌महिने गप्प राहिले. तिला 19 वर्षं 7 महिने कैद झाली. चेक लिहिणारा, ठेव भरणारा आणि बँकेशी ताळा जमवणारा माणूस एकच असला, की कुठल्याही गावात हे घडू शकतं.

मानधन? छोट्या गावात वर्षाला काहीशे ते काही हजार डॉलर, त्यामुळे शेती, दुकान, नोकरी सांभाळूनच हे करावं लागतं. कॅन्ससमधल्या अर्गोनियात सुझाना सॉल्टर 1887मध्ये देशातली पहिली महिला मेयर झाली. विरोधकांनी फजिती करायला तिचं नाव मतपत्रिकेत घुसडलं होतं, आणि तिला दोन-तृतीयांश मतं पडली. वर्षभराचा पगार 1 डॉलर.

उभं राहायला आयोवात त्या गावचं रहिवासी आणि पात्र मतदार असावं लागतं, म्हणजे नागरिकत्व हवं. ग्रीन कार्ड पुरत नाही. निवडणूक विषम वर्षी नोव्हेंबरात, पक्षाच्या चिन्हाविना होते. छोट्या गावात अर्जाला मोजक्या सह्या लागतात. अर्ज कुणीच भरला नाही तर मतदार मतपत्रिकेवर हाताने नाव लिहितात आणि तेवढ्यावरही माणूस निवडून येतो. थेट मेयरच व्हायला हवं असं नाही. नागपुरात जन्मलेल्या स्वाती दांडेकर यांनी आयोवात शाळेच्या मंडळापासून सुरुवात केली आणि 2002मध्ये त्या राज्याच्या विधानसभेवर निवडून आल्या.

निवडून आलात तर शपथेनंतर आधी बँकेत जा. जुन्या सह्या काढून नव्या द्या, गावाच्या करक्रमांकावर कोणकोणती खाती आहेत त्याची यादी लेखी मागा, आणि महिन्याचं विवरण बंद पाकिटात तुमच्याकडे येईल अशी व्यवस्था करा. मग पाण्याच्या टाकीखाली उभ्या असलेल्या त्या एकट्या कामगाराला भेटा आणि कुठली झडप बंद होत नाही ते विचारा. त्याला ते पाठ असतं.