छपरावर चढल्याशिवाय निदान नाही : आमची वाटचाल

धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे एक शिडी, पत्र्याच्या दोन कातरी, उसनं ड्रिल मशीन आणि मिस्त्रीकाका एवढंच भांडवल होतं. जुनी कौलं उतरवून पत्रा चढवायची कामं मिळत गेली, पोरं वाढली, माल ठेवायला गोडाऊन झालं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. सांगायचं आहे ते एका स्पर्धकाने जाहिरातीत '25 वर्षांची गॅरंटी' छापायला घेतली तेव्हापासूनचं.

ही गॅरंटी कुणाची? पत्रा बनवणाऱ्या कंपनीची. तीही रंग आणि कोटिंगपुरती, अटींसकट. स्क्रू तिरका गेला, लॅप, म्हणजे एका पत्र्यावर दुसरा चढतो तो भाग, आखूड ठेवला, छप्पर आणि भिंत यांतली फट झाकणारी पत्र्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, भिंतीला नुसतं सिलिकॉनने चिकटवलं, तर कंपनी हात वर करते. कारागिरीची जबाबदारी काम करणाऱ्याची, आणि ती आम्ही कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहायचो : 2 वर्षं, गळती आमच्या कामामुळे असेल तर दुरुस्ती फुकट. आता गिऱ्हाईक दोन कागद शेजारी शेजारी ठेवणार, एकावर 25, एकावर 2. कामं कुणाकडे गेली ते सांगायला नको.

मिस्त्रीकाकांबद्दल थोडं लिहितोच. ते भागीदार होते, पण कागदावर कधीच नाही, त्यांना सही करायचाच कंटाळा. छपरावर ग्राइंडर चढवू द्यायचे नाहीत. ग्राइंडरने पत्रा झटपट कापला जातो, पण कडेचं कोटिंग जळतं आणि उडालेल्या ठिणग्यांचे लोखंडी कण रंगात रुतून बसतात. थोडे दिवस गेले, दव पडलं, की सगळ्या पत्र्यावर तांबूस ठिपके. काकांचं काम निबलरने, म्हणजे ठिणग्या न उडवता पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने, नाहीतर कातरीने. स्क्रू किती घट्ट आवळायचा ते ठरवणारा स्क्रू गनचा क्लच ते रोज सकाळी एका टाकाऊ तुकड्यावर जुळवून बघायचे. स्क्रूखालचं रबरी वॉशर टोपीच्या कडेबाहेर जेमतेम दिसलं पाहिजे. फार दाबलं तर रबर चिरतं, सैल राहिलं तर पाणी आत. आणि संध्याकाळी खाली उतरण्याआधी मऊ झाडूने ड्रिलचा कीस झाडायचा, कितीही अंधार झाला असला तरी. नवीन पोरं कंटाळायची. तुमच्या घरी छपराचं काम चालू असेल तर संध्याकाळी पन्हाळीत बोट फिरवून बघा. कीस लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळीच बोला, बिल आल्यावर नको.

आता बाई. त्या शाळेत शिकवायच्या, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. त्यांच्या मागच्या पडवीचं छप्पर आमचं. मुख्य घराची वेळ आली तेव्हा मुलाने 25 वर्षंवाला निवडला. पहिल्याच मोठ्या पावसात भिंतीलगत पाणी उतरलं आणि बाईंचा फोन आम्हाला आला.

काका वर चढले. फ्लॅशिंग प्लास्टरच्या वरच्या वर चिकटवलेलं, भिंतीत खाच नाहीच. स्क्रूची एक ओळ पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचा आडवा आधार, चुकवून गेलेली, नुसती पत्र्यात अडकलेली. वॉशर चिरलेली. बाई म्हणाल्या, "तुम्हीच करून टाका, पैसे देते." आम्ही नाही म्हटलं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, दुसऱ्याने एक जरी स्क्रू फिरवला की पहिला कंत्राटदार मोकळा होतो : "त्यांनी हात लावला, आता आमची जबाबदारी नाही." आधी त्याला लेखी कळवायचं, दुरुस्तीची तारीख मागायची, त्याला संधी द्यायची. त्यातूनही तो आला नाही तर मग दुसरा माणूस.

बाईंनी पेपर तपासावेत तशी यादी केली. प्रत्येक दोषाला क्रमांक, जवळून एक फोटो, लांबून एक फोटो, जागा लिहिलेली : 'पन्हाळीपासून तिसरी ओळ, भिंतीकडून चौथा स्क्रू.' 'काम खराब आहे' असं कुठेही लिहिलं नाही, काय दिसतं तेवढंच. शेवटचा हप्ता त्यांनी अजून दिला नव्हता. द्यायला नकारही दिला नाही. यादीतलं काम झालं की त्याच दिवशी देते, असं लिहिलं. तो आधी म्हणाला, पाऊस उघडला की बघू. मग सिलिकॉनची नळी घेऊन एक पोरगा आला. बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. शेवटी कटर लावून भिंतीत खाच मारली, फ्लॅशिंगची घडी आत घातली, वरून भरून घेतलं, स्क्रू पर्लिनवर घेतले आणि जुन्या भोकांचे पत्रे बदलले. काम त्यानेच केलं, स्वतःच्या खर्चाने. आम्हाला त्यातून काही मिळालं नाही.

मिळाला तो राग. आम्ही गिऱ्हाइकं फितवतो असं तो सगळीकडे सांगत सुटला, आणि थंडीत त्याला संधी मिळाली.

एका मोठ्या बंगल्याचं काम आम्ही नुकतंच संपवलं होतं. माल उधारीवर उचललेला, शेवटचा हप्ता सगळ्यात मोठा. मालकांचा फोन आला, पहाटे पलंगावर थेंब पडतात. आम्ही पोचायच्या आत हा गृहस्थ तिथे जाऊन आलेला. अंगणात उभं राहून, मान वर करून त्याने निदान दिलं होतं : "लॅप चुकलाय, सगळं काढावं लागेल." हप्ता थांबला. बातमी पसरली. ठरलेली कामं रद्द झाली. पत्र्याच्या व्यापाऱ्याने उधारी बंद करून मागची बाकी मागितली, आणि दोन चांगली पोरं त्याच्याकडेच कामाला गेली. गोडाऊन सोडून द्यायची बोलणीसुद्धा सुरू झाली होती.

काकांनी मालकांना एवढंच विचारलं, "पाऊस कधी पडला होता?" पडलाच नव्हता.

तरी पाण्याची चाचणी घेतली, सगळ्यांसमोर. पाइप घेऊन थेट आढ्यावर पाणी मारतात ते चूक, मग कुठून गळतं ते कळत नाही. खालून सुरुवात करायची, एक पट्टा भिजवायचा, थांबायचं, आत टॉर्च घेऊन माणूस उभा ठेवायचा, मग वरचा पट्टा. पाणी पर्लिनवरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकतं, म्हणून घाई करायची नाही. आमच्या छपरातून एक थेंब आला नाही. मग आम्ही पहाटे गेलो. माळ्यावर चढून पत्र्याला खालून हात लावला तर सगळा पत्रा ओला, स्क्रूपाशी आणि स्क्रूपासून लांबही सारखाच. बाथरूमच्या पंख्याचा पाइप बाहेर न काढता माळ्यावरच सोडून दिलेला. घरातली दमट हवा रात्रभर गार पत्र्याला लागायची आणि तिचं पाणी व्हायचं. इन्शुलेशनची ओळ आमच्या कोटेशनमध्ये होती. ती मालकांनी स्वतःच्या पेनाने खोडली होती, शेजारी त्यांची सही. तो कागद काढून दाखवला तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पाइप बाहेर काढला, खाली वळचणीला आणि वर आढ्याला हवा खेळायला जागा केली, बाष्परोधक थरासकट इन्शुलेशन बसवलं. टपकणं थांबलं. हप्ता आला, पण उशिरा आणि 'झालेल्या मनस्तापाबद्दल' कापून. मनस्ताप त्यांचा, म्हणे! मधल्या काळात व्यापाऱ्याची बाकी भागली ती बाईंमुळे. पडवीच्या पुढे शेड घालायची त्यांना काही घाई नव्हती, पण त्यांनी काम काढलं आणि आगाऊ रक्कम हातात ठेवली. यादी मात्र त्या कामालाही केली. एका जागी रिज कॅपचा, म्हणजे आढ्यावरच्या पत्र्याच्या टोपीचा, लॅप वाऱ्याच्या तोंडाला आलाय का, असं विचारलं होतं. काका वर जाऊन बघून आले. लॅप बरोबर होता.

आता आमच्या प्रत्येक कोटेशनला मागच्या बाजूला एक पान जोडलेलं असतं. लॅप किती, स्क्रू कुठे, फ्लॅशिंग भिंतीत किती आत, शेवटचा हप्ता कधी आणि कोणत्या पाहणीनंतर, तक्रार कुणाला कशी कळवायची. आणि एक ओळ : गळती आणि दव यांतला फरक चाचणीने ठरवला जाईल. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने त्या स्पर्धकाचं नवं कोटेशन तुलनेला आणलं. मागे तेच पान होतं. आमच्या टायपिस्टने 'फ्लॅशिंग'चं 'फ्लॅंशिग' करून ठेवलंय, तेसुद्धा तसंच. गॅरंटी अजून 25 वर्षांचीच आहे.