पालेखच्या एका डबीपुढे अडकलो तो दिवस

मॉस्को झालं, सुझदाल झालं, दोन्ही सुंदर, दोन्हीकडे गर्दी. पण आठवतंय ते रशियातलं पालेख गावच. इवानोवोहून बस पकडायची, साधारण तासाभराचा रस्ता, आणि लांबूनच पांढऱ्या चर्चचा उंच घंटाघर दिसायला लागतो.

तिथलं म्युझियम 1935 सालचं. आत गोलिकोव्ह या इथल्या चित्रकाराने रंगवलेल्या त्रोइका आहेत, म्हणजे तीन घोड्यांच्या गाड्या. तळहातावर मावेल एवढी काळी डबी आणि तिच्यावर लाल-पांढरे घोडे असे उधळलेत की मी तिथून हललोच नाही, बरोबरचे लोक पुढच्या दालनात जाऊन परत आले तरी मी तिथेच. मग लक्षात आलं, घोड्यांमागच्या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या मी आधी पाहिल्यात, आयकॉनमध्ये, म्हणजे चर्चमधल्या धार्मिक चित्रांत, संतांच्या मागे!

कारण हे गाव पिढ्यान्‌पिढ्या आयकॉनच रंगवायचं. 1917 ची क्रांती झाली आणि देवाची चित्रं घेणारं कुणी उरलं नाही. कुणी शेतीला लागलं, कुणी लाकडी चमचे रंगवायला लागलं, गोलिकोव्ह तर नाटकांचे पडदे रंगवत फिरत होता. मग मॉस्कोत त्याने फेदोस्किनो नावाच्या गावच्या काळ्या लाखेच्या डब्या पाहिल्या. त्या तैलरंगातल्या, याला येत होतं ते अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचं, आयकॉनचं काम, मग त्याने तेच डबीवर आणलं. 5 डिसेंबर 1924 ला सात जणांनी मिळून आर्टेल, म्हणजे कारागिरांची सहकारी संस्था, काढलं आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात पालेखचं कौतुक झालं. एका वर्षात! उपाशी राहायची वेळ आलेल्या माणसांनी हे केलं, मला तर भरून आलं.

डबी बनते पुठ्ठ्याची. थरावर थर कणकेच्या खळीने चिकटवायचे (आपण पतंगाला लावायचो तशीच), दाबायचे, जवसाच्या तेलात मुरवून भट्टीत भाजायचे. रंगवून झालं की सोनं डिंकात खलून केसाएवढ्या रेघांनी लावायचं आणि लांडग्याच्या दाताने घासून चमकवायचं.

मॉस्कोत असाल तर घाईने पालेखची डबी घेऊ नका हो. मी एका दुकानातून घेतली होती. पालेखहून परतल्यावर रात्री हॉटेलात ती भिंगाखाली धरली तर सगळे बारीक छापील ठिपके. खूप वाईट वाटलं, पैशांचं कमी, त्या लांडग्याच्या दाताचं जास्त.