स्काउटच्या अहवालातली विशेषणं

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टचा (कॉलेजच्या खेळाडूंमधून संघ करतात ती निवड) स्काउटने, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्याने, लिहिलेला अहवाल हातात आला की आधी खेळाडूचं नाव झाका आणि विशेषणांखाली रेघ मारा. गोरा क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ‘हुशार, मेहनती’, काळा ‘उपजत वेगवान’, ही वाटणी जुनीच. प्रत्येक विशेषणापुढे पुरावा मागा: कुठला सामना, बचावाची मांडणी ओळखून पास कुठे टाकला? नसेल तर शब्द खोडा.

2018 च्या ड्राफ्टचंच बघा. काळा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन 2016 चा हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता, तरी त्याला रिसीव्हर (पास झेलणारा) होण्याचे सल्ले. म्हणे पास अचूक नाहीत! शेवटच्या कॉलेज हंगामात त्याचे 59 टक्के पास पोचले, गोरा क्वार्टरबॅक जॉश ॲलनचे 56. ॲलन सातवा निवडला गेला, जॅक्सन 32वा. 2019 च्या हंगामात जॅक्सन एकमताने एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू. ॲलनही पुढे उत्तमच निघाला, पण त्याला जागा बदल असं कोण म्हणालं होतं?