लग्न मोडायचं कर्ज

कचरावेचक बायकांच्या संघटनेत काम करते म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे भंगाराच्या भावासाठी मोर्चे वगैरे काढता ना? काढतो. पण भावाचं भांडण सोपं असतं. सगळ्या सभासद एका बाजूला आणि भंगार दुकानदार दुसऱ्या बाजूला. अवघड भांडण घरातल्या गोष्टीवरून होतं, कारण तिथं दोन्ही बाजूंना आपल्याच बायका असतात.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, तिच्या आधी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाची माणसं कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला वस्त्यांत गेली होती. शाळेचा प्रश्न आधी आणि संघटना नंतर, असा तो क्रम. आमची नगरची संघटना खूपच लहान, पण वळण तेच. त्यामुळे आमच्याकडे बरीच वर्षं एक ठराव आहे: मुलीचं लग्न अठराच्या आत करणाऱ्या सभासदाला त्या लग्नासाठी पतसंस्थेचं कर्ज नाही, आणि बाकीच्यांनी त्या लग्नाला जायचं नाही. ठराव मंजूर झाला तेव्हा कमलबाईंचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता. (नावं सगळी बदलली आहेत.) त्या त्यांच्या वस्तीच्या प्रतिनिधी. दुकानदाराचा काटा खोटा आहे हे नुसत्या नजरेनं ओळखणाऱ्या.

एप्रिलची बैठक होती, भर लगनसराईची. समाजमंदिरात दुपारी तीनला बायका जमल्या; कचऱ्याची फेरी, वर्गवारी, दुकानात माल घालणं आणि घरी जाऊन दोन घास खाणं उरकल्याशिवाय कुणी येऊच शकत नाही. दुधाच्या पिशव्यांचा भाव पडला होता, तो विषय संपत आला आणि कमलबाईंनी पिशवीतून पत्रिकांचा गठ्ठा काढला. हळद-कुंकवाची बोटं लावलेल्या. पहिली माझ्या हातात दिली. "ताई, तुम्ही यायचंच."

मुलगी नववीत. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. वस्तीतल्या निम्म्या मुलांची तीच असते, पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. पण तारीख कशीही धरली तरी पोर पंधराच्या वर जात नव्हती.

अशा वेळी बोलायचं ते मला पाठ आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. लग्न लावणारा, ठरवणारा, नुसता अक्षता टाकायला गेलेलासुद्धा अडकू शकतो. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "बाईला पण जेल?" खोटं सांगता येईना. या कायद्यात बाईला कैदेची शिक्षा नाही, दंड होऊ शकतो. "मग आत कोण जाणार?" मी म्हटलं, मुलीचे वडील जातील.

कमलबाईंनी पदर खोचला. "तो आत जाणार असंल तर मी गावभर पेढे वाटीन. कुठं सही करू?"

सगळं समाजमंदिर हसलं. कमलबाईंच्या नवऱ्याची दारू ज्यांनी पाहिली होती, त्या जास्तच हसल्या. कायद्याची धार तिथंच गेली.

हसू ओसरल्यावर लंकाबाई उठल्या. फटकळ बाई. "हात वर केला होतास ना गं तू? आता सोताच्या घरात आलं की ठराव कुठं गेला?"

कमलबाई चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट हिशेब मांडला. "मी पाचाला घर सोडते. दोन वाजता येते. हा भाड्या असून नसल्यासारखा. पोरगी साडेदहाला शाळेत जाते. पाच ते साडेदहा ती झोपडीत एकटी. दार म्हणजे पत्रा, कडी म्हणजे तार. मागच्या महिन्यात पहाटं संडासला गेली, तर पोरांनी दिवा दगड मारून फोडलेला. अंधारात एकानं हात धरला. ती ओरडली म्हणून सुटली. तुम्ही सगळ्या तवा फेरीवर होता. मी पण. आता बोला. तिला राखायला कोण येतंय? ठराव?"

लंकाबाई खाली बसल्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा आकडा मी शिबिरांत सांगते. आमच्या बैठकीत तो सांगण्यात अर्थ नाही, कारण चाळिशीपुढच्या बायकांत अठरानंतर लग्न झालेली शोधावी लागते. पारूबाईंचं बाराव्या वर्षी झालं. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलं तेव्हा कडेवर पोर होतं. त्या म्हणाल्या, "माजं लवकर केलं ते बी राखायलाच केलं होतं. कोण राखलं?" बास, एवढंच. त्यावर कुणी काही जोडलं नाही, हे बरं झालं.

पुढचा तासभर जे चाललं, ते मी घडवून आणलेलं नाही. मी नुसती लिहून घेत होते. विषय मुलीच्या लग्नावरून फेरीवर आला. कमलबाईंच्या वाट्याला सोसायट्या. तिथं सकाळी सहाला बादल्या दाराबाहेर येतात, उशीर झाला की तक्रार. ऑफिसं आणि क्लासेस दहानंतर उघडतात. ती फेरी कमलबाईंना मिळाली तर मुलगी शाळेत गेल्यावर त्या निघू शकतात. पण ती फेरी सखूबाईंची. आणि ऑफिसची फेरी म्हणजे पांढरा कागद. ओला कचरा जवळजवळ नाही, आणि कागदाला पुठ्ठ्यापेक्षा बरा भाव. अशी फेरी कुणी सुखासुखी सोडत नाही. सखूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "शाळा संपेस्तोवर देते. कायमची नाही. लिहा ताई, कायमची नाही." लिहिलं.

राहिली मे महिन्याची सुट्टी. पारूबाई आता फेरीवर जात नाहीत, शेडमध्ये वर्गवारी करतात. मुलीनं सकाळी त्यांच्याजवळ बसायचं, असं ठरलं. लगेच लंकाबाईंनी बजावलं, "मालाला हात लावायचा नाही तिनं. पुस्तक घेऊन बसायचं. नायतर आपणच तिला या धंद्याला लावलं असं व्हईल."

पण कमलबाईंनी लग्नासाठी शेकड्याला पाचानं तीस हजार उचलले होते, मंडपवाल्याला आणि बस्त्याला पैसे गेले होते. दरमहा दीड हजार नुसतं व्याज. पतसंस्थेचा हिशेब बघणारी आमची मुलगी बी.कॉम. झालेली, नियमाची पक्की. म्हणाली, लग्नासाठी कर्ज देता येणार नाही, ठराव आहे. तेव्हा सखूबाई म्हणाल्या, "लग्न करायला नाही म्हणलंय. लग्न मोडायला देऊ नये असं कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. कर्जाच्या अर्जावर 'कारण' असा रकाना असतो. त्यात तिनं 'जुने कर्ज फेडणे' असं लिहिलं, जामीन म्हणून लंकाबाईंचा अंगठा घेतला. मघाशी ज्यांनी सगळ्यांदेखत फटकारलं, त्याच जामीन. कमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पत्रिका मात्र गोळा करायला सुरुवात केली, एकेकीच्या हातातून, जरा घुश्शातच.

दुसऱ्या दिवशी संडासाच्या दिव्याचा अर्ज घेऊन गेलो, तर सभासद नसलेल्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकाही बरोबर आल्या. जाळीचा दिवा मागितला, दगड लागू नये म्हणून. तो लागला. माझ्या मते त्या महिन्यातलं संघटनेचं सगळ्यांत मोठं काम ते, आणि वार्षिक अहवालात त्याला जेमतेम एक ओळ मिळाली.

मुलाकडच्यांशी बोलायला कमलबाईंचा भाऊ गेला. त्यांनी शिव्या घातल्या आणि तारीख बदलली नाही. दुसरी मुलगी ठरवली. तीही लहान असल्याचं कानावर आलं. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवलं, गावाचं नाव दिलं. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी, त्यामुळे निरोप ग्रामसेवकापर्यंत गेला. मुलगी अठराची असल्याचा दाखला दाखवला, असं उत्तर आलं. दाखल्यावरची तारीख १ जून होती की आणखी काही, हे विचारायला त्या गावात आमची सभासद नव्हती.

कमलबाईंची मुलगी दहावीत आहे. कर्जाचे हप्ते चालू आहेत, दोनदा चुकले. सखूबाई दर बैठकीत पांढऱ्या कागदाचा भाव विचारतात आणि कमलबाईंकडे बघत म्हणतात, "मार्चात परीक्षा ना गं?" मागच्या बैठकीत आणखी दोघींनी मुलींसाठी उशिराची फेरी मागितली. ऑफिसं तेवढी नाहीत. दुकानांच्या फेऱ्या मोकळ्या करायच्या तर कुणाच्या, यावरून इतकी जुंपली की बैठक पुढच्या रविवारवर ढकलावी लागली.