आमची वाटचाल: सागवानी टेबलापासून

चोपड्यात कंबर-मानेच्या दुखण्यावर हाताने उपचार करायचा दवाखाना टाकला तेव्हा माझ्याकडे एकच टेबल होतं, सुताराकडून सागवानात करून घेतलेलं. उंची मीच ठरवली. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मुठीचे सांधे गादीला टेकले पाहिजेत. टेबल दोन बोटं जरी उंच झालं, तरी सगळा जोर खांद्यावर येतो आणि वर्षभरात उपचार करणाराच पाठ धरून बसतो. पुढे हायड्रॉलिक टेबल आलं, पण मानेचं काम मी अजून सागवानीवरच करतो. ते हलत नाही.

त्यावर आलेले पहिले आप्पा, तापीकाठचे. केळीचे घड वाहून कंबर धरलेली, कळ थेट पोटरीत. ‘मन्ही कंबर मोडी गयी, भाऊ.’ पाय ताठ उचलला तर ३५ अंशांवरच ओरडले. पण अंगठ्यात जोर होता, हातोडीला दोन्ही घोटे सारखेच उडत होते. नस चिडलेली होती, दबून निकामी झालेली नव्हती. त्या दिवशी कमरेला हात लावला नाही. खुबा आणि मांडीमागचा स्नायू मोकळा केला. माझ्या हाताविरुद्ध त्यांनी पाच-सात सेकंद हलकं रेटायचं, मग सोडायचं, आणि सैल पडलेल्या स्नायूने दिली तेवढीच जागा आपण पुढे घ्यायची. सायटिका पुष्कळदा काही आठवड्यांत आपणहूनही उतरते, हे मी तेव्हाच त्यांना सांगितलं. पाच खेपांनंतर आप्पा बागेत परतले.

मग समोरच्या गाळ्यात एकाने फलक लावला, ‘एका झटक्यात मणका जागेवर.’ मणक्यांचा कटकन आवाज रस्त्यावर ऐकू यायचा आणि लोकांना तोच इलाज वाटायचा. तो आवाज हाड बसल्याचा नसतोच. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरतो, त्यात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज. झटका मीही देतो, पण आधी तपासून.

त्याच उन्हाळ्यात एक तरुण आला. कंबर दुखत होती, लघवी अडकली होती, जांघेत बधिरपणा होता. ही कमरेतल्या नसांचा जुडगा दबल्याची खूण, इथे हाताचा इलाज नाही. मी त्याला टेबलावर घेतलाच नाही, गाडी करून तडक जळगावला पाठवला. त्याच रात्री ऑपरेशन झालं. गावात मात्र समोरच्याने पसरवलं, ‘ह्याला जमलं नाही, म्हणून पुढे ढकलला.’ सात महिने दिवसाला दोन-तीन माणसं. भाडं थकलं, हायड्रॉलिक टेबल विकायला काढलं. तेव्हा आप्पा टेम्पोत बसवून घड वाहणारे आठ गडी घेऊन आले, आणि पुढच्या आठवड्यात परत सहा. टेबल राहिलं.

पुढची वर्षं बरी गेली.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी हातोडी आणि ट्यूनिंग फोर्क (त्वचेला कंप जाणवतो का ते तपासायचा चिमटा) आधी घ्यावा, फलक नंतर. आणि वाचणाऱ्यांनी दाढी झाल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेणं आजच बंद करावं. मानेतल्या धमनीला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. घड उचलताना गुडघ्यात वाका, आणि डोक्यावर ओझं असताना कमरेतून वळू नका, पाय फिरवा.

समोरचा गाळा आता मोबाइलवाल्याकडे आहे. तो तरुण मोटारसायकलवरून जाताना हात करतो. तेव्हा बोल लावणाऱ्यांपैकी मात्र अजून कोणी पायरी चढलेलं नाही.