तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फ्रेंच खेड्यात आहे तरी काय?

फ्रान्समधल्या लील शहरात मुलाकडे गेले की एक दिवस मी नव-शापेल या खेड्यासाठी राखून ठेवते. परत आले की मैत्रिणी विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात, परवा भाजीवालीपाशी भेटलेल्या शेजारणीनंही विचारलं, "बाई, पॅरिस तासाभरावर असताना त्या खेड्यात कशाला जाता? काय आहे तिथं एवढं?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून आज बसून लिहिते.

आधी नावाचं. फ्रेंचमध्ये 'नव' म्हणजे नवी आणि 'शापेल' म्हणजे लहानसं प्रार्थनाघर. हे 'नव' आपल्या 'नव'चं लांबचं नातेवाईकच आहे, कारण लॅटिन 'नोवुस' आणि संस्कृत 'नव' मुळात एकच. आपल्याकडे नवेगाव, नवघर असतात, तसंच हे. रस्त्यावरच्या पाटीवर नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकदम ओळखीचं वाटलं. वस्ती दीड हजारांच्या आत. जिल्हा पा-द-काले, फ्रान्सच्या अगदी उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेपासून जवळच. लीलहून बेत्यूनच्या बाजूला जाणारी पॅसेंजर पकडायची, ला बासेला उतरायचं आणि तिथून उत्तरेला पाचेक किलोमीटर. लाल विटांची घरं, विटांचंच चर्च, आणि घरं संपली की लगेच गहू, बीट आणि बटाट्याची शेतं. जुनं म्हणावं असं एकही घर दिसत नाही. युरोपातल्या खेड्यात हे जरा चमत्कारिकच. त्याचं कारण पुढे येईल.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे कुठंही गेले तरी माझी नजर आधी जमिनीकडे जाते. इथली जमीन सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस मीटर उंच आणि चिकणमातीची. लिस नदीचं हे खोरं. पाण्याला उतारच नाही, म्हणून प्रत्येक शेताच्या कडेनं चर खणलेला. आपल्याकडे अशा जमिनीला चिबड म्हणतात. ऑक्टोबर ते मार्च तुम्ही तिथं फावडं मारलंत तर दोन-तीन फुटांवर पाणी लागतं. मी एकदा नांगरलेल्या शेताच्या बांधावरून पन्नास पावलं चालले, तर प्रत्येक बुटाला किलोभर माती चिकटली. काडीनं खरवडून काढायला लागले तर लोण्यासारखी गुळगुळीत, राखाडी-पिवळी, आणि काडीला चिकटून बसणारी.

गावाच्या पूर्वेला तीनेक किलोमीटरवर जमीन थोडी वर चढते. तिला ओबेरची टेकडी म्हणतात, पण टेकडी म्हणायला जीभ धजत नाही. खालच्या सपाटीपासून फार तर वीस मीटर. पुण्याच्या माणसाला दाखवली तर तो "कुठाय?" विचारेल. पण इतक्या सपाट मुलखात वीस मीटरवर उभ्या असलेल्याला सगळं दिसतं आणि खालच्याला काहीच दिसत नाही. शिवाय वरच्याचे पाय कोरडे राहतात. चिकणमाती आणि हा एवढासा चढ, या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. या गावाच्या नशिबात जे आलं ते यांच्यामुळे आलं.

आता मी तिथं का जाते ते सांगते. माझं माहेर खडकीचं. लहानपणी आम्ही बीईजीच्या, म्हणजे तिथल्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुप या लष्करी पलटणीच्या, बिगुलावर उठायचो. बॉम्बे सॅपर्सची ही खडकी. सॅपर म्हणजे लष्करातला मातीतला माणूस. खंदक खणायचे, पूल बांधायचे, रस्ता काढायचा, सुरुंग पेरायचे. हाताला कसब लागतं आणि तयार व्हायला वर्षं लागतात. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा या पलटणीचं नाव 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स' होतं. तिच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या. त्यांत मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. 1914 च्या सप्टेंबर अखेरीस हिंदी, म्हणजे भारतीय, फौज मार्सेयच्या बंदरात उतरू लागली. पुष्कळांच्या अंगावर आपल्याकडच्या हवेला शोभतील असे सुती कपडे होते. महिन्याभरात ते या चिखलात उभे होते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जर्मनांनी नव-शापेल घेतलं. ते परत घ्यायला पुरेसं पायदळ हाताशी नव्हतं. म्हणून 28 ऑक्टोबर 1914 ला 47 व्या शीख पलटणीबरोबर या दोन सॅपर कंपन्यांना हल्ल्यावर धाडण्यात आलं. फावड्याच्या माणसांच्या हातात संगिनी! गावाआधीचं उघडं, सपाट शेत ओलांडून ते गावात शिरले, घराघरातून, अंगणातून हातघाईची लढाई झाली आणि गाव ताब्यात आलंही. पण मागून कुमक आली नाही, आणि समोरून जर्मनांची आली. माघार घेताना पुन्हा तेच उघडं शेत. दोन्ही कंपन्यांचे ब्रिटिश अधिकारी मारले गेले, जखमी झाले किंवा कैद झाले. उरलेल्यांना हिंदी अधिकाऱ्यांनी मागे आणलं. इतकी कसबी माणसं अशी खर्ची घालायला नको होती असं लष्करातच पुढे बोललं गेलं, आणि ते अगदी खरं आहे. मी त्या शेताच्या कडेला उभी राहून अंतर नजरेनं मोजलं आहे. आडोशाला एक झाड नाही की एक खळगा नाही. हे वाचताना राग येतो, आणि तिथं उभं राहिल्यावर जास्त येतो.

साडेचार महिन्यांनी, 10 मार्च 1915 ला, इंग्रजांनी ठरवून मोठा हल्ला केला. त्यात निम्मी फौज हिंदी कोअरची, म्हणजे हिंदी डिव्हिजनांच्या एकत्र दलाची, होती. इथं भूगोल पुन्हा पुढे येतो. पाणी लागत असल्यामुळे जर्मनांनाही खोल खंदक खणता आले नव्हते. त्यांनी मातीच्या पोत्यांचे बांध रचले होते. विमानातून फोटो काढून त्यांच्या मोर्चांचे नकाशे आधीच तयार केले होते. सकाळी साडेसातला 342 तोफा एकदम सुरू झाल्या. 35 मिनिटांत ते बांध ढासळले, काटेरी तारा तुटल्या आणि थोड्याच वेळात गाव हाती आलं. मग सगळं अडलं. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, निरोप वेळेवर पोहोचेनात, पुढे जायचा हुकूम यायला तास न् तास गेले. तेवढ्या वेळात जर्मनांनी ओबेरच्या चढाखाली नवी फळी उभी केली. 13 मार्चला लढाई थांबली तेव्हा गाव मिळालं होतं, चढ मिळाला नव्हता. त्या चार दिवसांत हिंदी कोअरची चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी पहिल्याच दिवशी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उत्तराखंडात चंबा इथं दर एप्रिलला त्यांच्या नावानं मेळा भरतो.

1915 अखेर हिंदी पायदळ इथून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, गेलं. गावाची सुटका मात्र झाली नाही. 9 एप्रिल 1918 ला जर्मनांचा लोंढा पुन्हा आला. तेव्हा इथं इंग्रजांच्या बाजूनं लढणारे पोर्तुगीज सैनिक होते आणि त्यांचीही दैना झाली. भोवतालच्या पडझडीत एक क्रूस उभा राहिला. त्यावरच्या ख्रिस्ताचे पाय आणि हाताचा काही भाग उडाला होता. ती मूर्ती फ्रान्सनं 1958 मध्ये पोर्तुगालला दिली. आज ती बाताल्याच्या मठात अज्ञात सैनिकाच्या थडग्यापाशी आहे. चार वर्षांत गाव असं काही उरलंच नाही. म्हणून जुनं घर दिसत नाही. लोक परत आले, चर पुन्हा काढले, विटांवर विटा रचल्या. मोडक्या मुलखात पोराबाळांसकट परत येऊन त्याच शेतात नांगर धरणाऱ्या त्या बायाबापड्यांविषयी मला फार वाटतं.

आणि नांगराला अजूनही त्या युद्धाचं लोखंड अडकतं. मागच्या खेपेला एका शेताच्या कडेला, विजेच्या खांबापाशी, गंजलेलं, मातीनं लडबडलेलं दुधीभोपळ्याएवढं काहीतरी दिसलं. मी वाकले तशी ट्रॅक्टरवरची व्यक्ती ओरडली, "मादाम, नों!" शेतकरी खाली उतरून आला. तो तोफगोळा होता, आदल्या दिवशी निघालेला. त्यानं मेरीत, म्हणजे त्यांच्या ग्रामपंचायत कचेरीत, कळवलं होतं आणि निकामी करणाऱ्या पथकाची वाट पाहत होता. दरवर्षी निघतात म्हणाला, बटाटे निघावेत तसे. मी कुठली ते त्यानं विचारलं. "इंडिया" म्हटल्यावर त्यानं टोपी काढली आणि दक्षिणेकडच्या चौकाकडे हात केला.

त्या चौकाला गावकरी 'ला बाँब' म्हणतात. लढाईत इंग्रज त्याला 'पोर्ट आर्थर' म्हणायचे. तिथं हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. हर्बर्ट बेकर या इंग्रज वास्तुरचनाकारानं ते आखलं आणि 7 ऑक्टोबर 1927 ला फ्रेंच सेनापती मार्शल फॉश यांच्या उपस्थितीत त्याचं अनावरण झालं. गोल आवार, अर्ध्या बाजूला दगडी जाळी, दोन छत्र्या, पुढच्या बाजूला अशोकस्तंभाच्या धर्तीचा जवळपास 15 मीटर उंच खांब, वर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. खांबावर इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीबरोबर देवनागरीही आहे. त्या बटाट्याच्या शेतांमधून चालत येऊन देवनागरी अक्षरं दिसली की घशाशी दाटून येतं. पहिल्या वेळी मी तिथं रडले.

जाळीसमोरच्या भिंतीवर 4,700 हून अधिक नावं कोरलेली आहेत. ज्यांचं थडगं कुठं आहे ते ठाऊक नाही, त्यांची ही नावं. पलटणीप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे लावलेली, सगळी रोमन लिपीत, त्या काळच्या कारकुनांनी कानाला जशी वाटली तशी. त्यामुळे मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाहीत. डोळ्यांना परकी वाटणारी अक्षरं तोंडातून बाहेर पडली की एकदम आपल्याकडचं नाव होतं. मी सॅपर्सची नावं शोधते, एकेका अक्षरावर बोट ठेवते आणि हळूहळू, मराठीत म्हणते. तिथं बहुतेक वेळा दुसरं कुणी नसतं.

तुम्हाला जायचं असेल तर उन्हाळ्यात जाऊ नका. तेव्हा गहू उभा असतो, रस्ता कोरडा असतो आणि काहीच समजत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी जा, जाड तळाचे बूट घाला आणि शेवटचा किलोमीटरभर पायी चाला.