फुटीच्या मैदानावर शिवी पकडता येते, हुर्यो नाही

एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, फुटीच्या (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या) सामन्यात मागच्या रांगेतला कोणी खेळाडूच्या रंगावरून घाण ओरडत असेल, तर त्याच्या अंगावर धावून जायचं नाही. फोन काढायचा आणि मैदानाने तक्रारीसाठी दिलेल्या क्रमांकावर मेसेज करायचा: बे (स्टँडचा कुठला भाग), रांग, खुर्ची, अंगावर काय घातलंय आणि नेमकं काय बोलला. मेसेज कंट्रोल रूममध्ये पोचतो, कॅमेरा त्या बेकडे वळतो आणि सुरक्षारक्षक जिन्यावर येऊन उभे राहतात. तिकिटं आता फोनवर, बारकोडसकट. त्यामुळे त्या खुर्चीचं तिकीट कोणाच्या नावावर आहे हे कळायला वेळ लागत नाही. माणूस क्लबचा सदस्य निघाला तर प्रकरण क्लबकडे जातं, आणि मेलबर्नमध्ये वर्षानुवर्षं जपलेली मेंबरशिप जाणं म्हणजे काय, हे इथल्या कोणालाही विचारा.

ही व्यवस्था फसते तीही ठरलेल्या ठिकाणी. लोक घाईत ‘माझ्या मागे एक जण शिव्या देतोय’ एवढंच लिहितात. खुर्चीचा नंबर नाही, तर नव्वद हजारांत ‘मागे’ म्हणजे कुठे? उभ्याने बघायच्या जागेत नंबरच नसतो. क्वार्टर संपली की माणसं बिअर आणायला उठतात आणि परतताना मित्राशेजारी जाऊन बसतात. पण खरी अडचण आवाजाची. कॅमेऱ्यात तोंड हललेलं दिसतं, शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून एकाच बेमधून दोन वेगवेगळ्या लोकांचे मेसेज गेले तर काम सोपं होतं. एकट्याच्या तक्रारीवर समोरचा सरळ ‘मी असं बोललोच नाही’ म्हणतो.

हे एवढं तपशिलात लिहिलं, कारण पुण्या-मुंबईकडून ‘तुमच्या ऑस्ट्रेलियात सगळेच वंशद्वेष्टे’ असा निकाल दर काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर येऊन पडतो. इथे फुटीला दोन्ही संघांचे पाठीराखे एकमेकांना खेटून बसतात. मध्ये जाळी नाही, पोलिसांची भिंत नाही. कॉलिंगवूडच्या काळ्या-पांढऱ्या मफलरीशेजारी एसेनडनची लाल-काळी मफलर, आणि दोघांच्या मधे एखादी आजी गरम मीट-पाय (खिम्याची पेस्ट्री) खात बसलेली. मैदानात दारूबंदी असलेले वेगळे भागही आहेत, पोरंबाळं घेऊन येणाऱ्यांसाठी. आपल्याकडे पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, आणि का नेऊ देत नाहीत हे 1996 ची ईडन गार्डन्सची सेमीफायनल पाहिलेल्यांना सांगायला नको. तेव्हा या बाबतीत इथल्यांना शंभरपैकी नव्वद.

उरलेले दहा मार्क कुठे गेले, त्यासाठीच हा लेख.

फुटीत शिवी खेळाडूपर्यंत पोचते कशी, ते आधी बघू. मैदान भलंमोठं लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू. सीमारेषा आणि प्रेक्षकांचं कुंपण यांत अंतर फार थोडं. मधल्या फळीतला खेळाडू सतत पळत असतो, त्याच्या कानावर फक्त गोंगाट पडतो. पण गोलच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत, ज्यांना इथे पॉकेट म्हणतात, खेळणारा छोटा चपळ फॉरवर्ड कुंपणाला लागून असतो. त्याने चेंडू झेलला की किक मारायला 30 सेकंद मिळतात. तेवढा वेळ तो एका जागी उभा, पाठीमागे पंधरा-वीस रांगा आणि प्रत्येक शब्द स्पष्ट. या जागेवर गाजलेल्यांत आदिवासी खेळाडू कितीतरी. अॅडलेड ओव्हलवरच्या अशाच एका कोपऱ्याला लोकांनी अॅडलेड क्रोजच्या एडी बेट्सचं नाव दिलं होतं, अशक्य कोनांतून तो तिथून गोल करायचा म्हणून. ऑगस्ट 2016 मध्ये त्याच मैदानावर पोर्ट अॅडलेडच्या एका समर्थक बाईने त्याच्या दिशेने केळं भिरकावलं. कॅमेऱ्यात ते सापडलं आणि क्लबने तिच्यावर बंदी घातली. केळ्याला आवाज लागत नाही, म्हणून पुरावा पक्का.

क्रिकेटशी तुलना केली की फरक लगेच कळतो. जानेवारी 2021 मध्ये सिडनी कसोटीत सिराज फाइन लेगला उभा होता. त्याने कर्णधाराला सांगितलं, अजिंक्य रहाणेने पंचांना सांगितलं, खेळ सुमारे दहा मिनिटं थांबला आणि सहा प्रेक्षकांना स्टँडमधून उठवलं. मैदान सोडायचा पर्याय पंचांनी दिला होता, तो रहाणेने नाकारला. (सिराजला वांशिक शिवीगाळ झाल्याचं क्रिकेट ऑस्ट्रेलियाने नंतर मान्य केलं, पण ज्या सहांना उठवलं त्यांनीच ती केली, असं मात्र ठरलं नाही. पुन्हा तोच आवाजाचा घोळ.) क्रिकेटमध्ये षटक संपतं, फिल्डर जागा बदलतो, कर्णधाराला थांबायची मुभा असते. फुटीत खेळ थांबवायची रीतच नाही. गोल झाला की चेंडू मध्यभागी जातो आणि पुन्हा खेळ सुरू. त्यामुळे फुटीतला खेळाडू जे काही करेल ते पळता पळता, गोलनंतरच्या काही क्षणांत, नाहीतर शेवटचा भोंगा वाजल्यावर.

निकी विनमारने ते भोंगा वाजल्यावर केलं. 17 एप्रिल 1993, कॉलिंगवूडचं घरचं मैदान व्हिक्टोरिया पार्क. सेंट किल्डाकडून खेळणारे विनमार आणि गिल्बर्ट मॅकअॅडम दिवसभर शिव्या खात होते, आणि सामना त्यांनीच काढून दिला होता. विनमार कॉलिंगवूडच्या गर्दीसमोर जाऊन उभा राहिला, बिनबाह्यांची जर्सी वर केली आणि पोटावरच्या कातडीकडे बोट दाखवलं. दोन छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला म्हणून तो उरला. नंतर कॉलिंगवूडचे अध्यक्ष टीव्हीवर म्हणाले की आदिवासींनी गोऱ्यांसारखं वागलं तर त्यांना सगळे मान देतील. ‘तो रंगाकडे नाही, पोटातल्या हिमतीकडे बोट दाखवत होता’ ही पळवाट इतकी टिकाऊ निघाली की 2020 मध्ये तीन नामांकित फुटी-पंडितांना त्यावरून विनमारची माफी मागावी लागली. त्याचा पुतळा 2019 मध्ये पर्थच्या स्टेडियमबाहेर बसला, जर्सी वर करून बोट दाखवतानाचा.

नियम आला 1995 मध्ये. त्या वर्षीच्या अॅन्झॅक डे (25 एप्रिल, सैनिकांचा स्मृतिदिन) सामन्याला 94 हजारांवर लोक होते आणि सामना बरोबरीत सुटला. त्यात एसेनडनच्या मायकल लाँगने प्रतिस्पर्धी खेळाडूविरुद्ध वांशिक शिवीची तक्रार केली आणि प्रकरण मिटवून घ्यायला नकार दिला. दोन-अडीच महिन्यांत एएफएलने, म्हणजे फुटीच्या राष्ट्रीय लीगने, ‘नियम 30’ आणला. आधी बंद दाराआड समेटाची बैठक, ती फसली तर ट्रायब्युनल, म्हणजे लीगचं शिस्तपालन न्यायपीठ. पुढे शिक्षा कडक होत गेल्या. अॅडलेडचा टेलर वॉकर 2021 मध्ये सहा सामने बाहेर बसला, वर 20 हजार डॉलरची देणगी भरली. समलिंगींना उद्देशून वापरलेल्या शिवीबद्दल 2024 मध्ये जेरेमी फिनलेसनला तीन सामने आणि विल पॉवेलला पाच. 2025 मध्ये आयझॅक रँकिनला चार, तेही ऐन फायनल्सच्या तोंडावर. खेळाडू बोलला तर किंमत मोजावी लागते, आणि ती स्वस्त नाही.

पंचांचंही तसंच. 2022 पासून खेळाडूने निर्णयावर नुसते हात पसरले तरी 50 मीटरचा दंड बसू लागला. हे 50 मीटर म्हणजे काय ते समजून घ्या. गोलपासून 70 मीटरवर फ्री किक मिळालेला संघ थेट 20 मीटरवर येतो, म्हणजे गोलचे सहा गुण जवळजवळ खिशात. कारण पटण्यासारखं आहे: गल्लीतल्या पोरांच्या सामन्यांना पंच मिळेनासे झालेत, शिव्या खायला येणार कोण? पण प्रेक्षकांवर हाच इलाज करून पाहिला तेव्हा तारांबळ उडाली. 2019 मध्ये मेलबर्नच्या मार्व्हल स्टेडियमवर भडक जाकिटांतले रक्षक खेळाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघत उभे राहिले. पंचाला टकल्या म्हणून हिणवणाऱ्या कार्लटनच्या एका समर्थकाला हटकलं, तर अख्खं शहर पेटलं. आता फुटीला जाऊन ओरडायचंही नाही का, असा सूर. एएफएलने मग पाय मागे घेतला. इथे माझी सहानुभूती ओरडणाऱ्यांकडे आहे, हे कबूल करतो. पंचाला टकल्या म्हणू नये, ठीक. पण त्यासाठी माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघणारा रक्षक नको.

आता हुर्यो. फुटीत हुर्यो रोजची. समोरचा गोलसाठी किक मारतोय, हुर्यो. जुना क्लब सोडून आलाय, हुर्यो. मैदानात आडवा पडून फ्री किक मागतोय, दुप्पट हुर्यो. यात कोणाला वाईट वाटत नाही, खेळाडूंनाही नाही. आणि नेमकं म्हणूनच अॅडम गूड्सच्या वेळी कोणाला काही करता आलं नाही.

गूड्स आदिवासी, सिडनी स्वॉन्सचा, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोन वेळा जिंकलेला. 24 मे 2013, एमसीजी, तोही आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ ठेवलेल्या फेरीतला कॉलिंगवूडविरुद्धचा सामना. कुंपणाजवळच्या तेरा वर्षांच्या मुलीने त्याला ‘एप’, म्हणजे वानर, म्हटलं. त्याने थांबून तिच्याकडे बोट दाखवलं, रक्षकांनी तिला बाहेर नेलं. व्यवस्था अगदी चोख चालली. दुसऱ्या दिवशी गूड्सने जाहीर सांगितलं की दोष त्या मुलीचा नाही, तिला सांभाळून घ्या. कॉलिंगवूडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी सामन्यानंतर ड्रेसिंगरूममध्ये जाऊन त्याची माफी मागितली, आणि पाचच दिवसांनी रेडिओवर त्याच गूड्सचं नाव किंगकाँगशी जोडून विनोद केला.

2014 मध्ये गूड्स ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला आणि देशाच्या इतिहासाबद्दल बोलू लागला. हुर्यो वाढत गेली. 2015 मध्ये तर चेंडू त्याच्या हाती आला की मैदानच्या मैदान ओरडायचं. विचारलं की कारण तयार: तो फ्री किकसाठी पडतो. ते जुनं झालं की दुसरं: त्याने लहान मुलीला उघडं पाडलं. 29 मे 2015 ला सिडनीत त्याने गोलनंतर पारंपरिक युद्धनृत्य केलं, काल्पनिक भाला कार्लटनच्या प्रेक्षकांकडे फेकला, तेव्हा तिसरं: तो लोकांना डिवचतो. प्रत्येक कारण सुटं घेतलं तर वाद घालण्याजोगं. पण पडणारे खेळाडू प्रत्येक क्लबात दोन-चार असतात. दर आठवड्याला, दर शहरात, दर स्पर्शाला हुर्यो त्या एकट्याच्या वाट्याला.

आणि मेसेज कोणाला करणार? खुर्ची कुठली लिहिणार? हुर्योत शब्द नसतो, आणि नियम 30 तर खेळाडूंसाठी, प्रेक्षकांसाठी नाही. एकेका माणसाला धरलं तर तो म्हणणार, मी तर नेहमीच ओरडतो. इतकी देखणी यंत्रणा उभी करणाऱ्या एएफएलकडे या वेळी एकच हत्यार होतं: हे वंशद्वेषातून चाललंय, थांबवा, असं स्पष्ट म्हणायचं. ते त्यांनी वेळेवर केलं नाही. जुलैच्या शेवटी पर्थच्या सामन्यानंतर गूड्स रजेवर गेला. पुढच्या आठवड्यात सिडनीत तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला, त्याच्या 37 नंबरच्या जर्सीसाठी, अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तो परतला, मोसम संपवला आणि 372 सामन्यांवर थांबला. निवृत्तांना ग्रँड फायनलच्या दिवशी मिळणारा निरोपही त्याने घेतला नाही. एएफएल आणि अठरा क्लबांची माफी आली जून 2019 मध्ये.

इथले सहकारी जेवणाच्या सुट्टीत आपलं वानखेडे काढतात, आणि ते काढायला त्यांना हक्क आहे. ऑक्टोबर 2007 मध्ये अँड्र्यू सायमंड्सला बडोद्यात आणि मग मुंबईत माकडाचे आवाज ऐकावे लागले. तो हनुमानाचा जयघोष होता, हे समर्थन आपल्याकडच्यांनीच केलं. वानखेडेवर माकडचाळे करणाऱ्यांचे फोटो छापून आले, चौघांना पकडलं, तेव्हा कुठे ती बतावणी थांबली. एप्रिल 2024 मध्ये हार्दिक पंड्याला त्याच वानखेडेवर हुर्यो मिळाली. टॉसला संजय मांजरेकरांनी प्रेक्षकांना नीट वागायला सांगितलं, सामन्यात रोहित शर्माने हातवारे करून लोकांना गप्प बसवायचा प्रयत्न केला. हे दृश्य इथल्यांना मी मुद्दाम सांगतो. 2015 मध्ये कुठल्या क्लबच्या कर्णधाराने आपल्याच पाठीराख्यांकडे वळून गूड्ससाठी असा हात केला, हे त्यांना आठवत नाही. तीन महिन्यांत विश्वचषक आला आणि तेच वानखेडे ‘हार्दिक, हार्दिक’ करत होतं, हेही जोडून सांगतो. हार्दिकवरचा राग कर्णधारपदाचा होता, जन्माचा नव्हता, त्यामुळे ही तुलना माझ्या सोयीची आहे. तरी मी ती करतो.

मार्च 2023 मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जचा जमारा उगल-हेगन शिव्या ऐकून पाच दिवसांनी ब्रिस्बेनविरुद्ध उतरला, पहिला गोल केला आणि विनमारसारखीच जर्सी वर करून कातडीकडे बोट दाखवलं. त्या रात्री त्याने पाच गोल केले. त्याच वर्षी मे महिन्यात कॉलिंगवूडच्या प्रेक्षकांनी एमसीजीवर सिडनीच्या आदिवासी लान्स फ्रँकलिनची हुर्यो उडवली. या वेळी क्लबने जाहीर नापसंती दाखवली, प्रशिक्षक क्रेग मॅक्रेही बोलले. रेडिओवर मात्र आठवडाभर तोच काथ्याकूट: ही साधी हुर्यो की ती?

गूड्सला 2021 मध्ये हॉल ऑफ फेम देऊ केलं होतं. त्याने नको म्हणून कळवलं.